विधान सौध : चुन्याचा शब्द आणि सभेचा अर्थ

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली की त्याचा अर्थही सांगून झाला, असा एक समज आपल्या वाङ्मयीन व्यवहारात खोलवर रुजला आहे. वर्गात शिक्षक धातू सांगतात, प्रत्यय सांगतात, विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि शब्द कायमचा निकालात निघतो. हा समज साध्या शब्दांपुरता राहिला असता तर त्याविरुद्ध लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु सार्वजनिक जीवनातील मोठमोठ्या शब्दांवर आता याच पद्धतीने निवाडे दिले जातात. संसद हा शब्द ऋग्वेदात सापडतो, म्हणून संसदही आमच्याकडे तेव्हापासूनच आहे, हा असाच एक निवाडा. याच्या उलट दुसरा पक्ष म्हणतो की संसद भवन, विधान भवन ही नावे म्हणजे इंग्रजी नावांची सरकारी भाषांतरे. त्यांत शोधण्यासारखे काही नाही. पहिला पक्ष शब्दाच्या जन्माशीच थांबतो आणि दुसरा भाषांतरकाराच्या टेबलाशी. शब्दाने मधल्या काळात काय केले आणि आज तो आपल्याकडून काय करवून घेतो, हे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. ती तसदी येथे घ्यावी असा आमचा विचार आहे.

आरंभ बंगळूरच्या विधान सौधापासून करू. या इमारतीची कोनशिला १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि १९५६ साली ती बांधून पुरी झाली. तिला आजचे भव्य रूप दिले ते म्हैसूर राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांनी. खांब, कमानी, घुमट, दक्षिणी देवळांची आठवण करून देणारे नक्षीकाम, हे सारे त्यांनी आग्रहाने घडवून घेतले. वसाहतीच्या काळातील कचेऱ्यांसमोर स्वतंत्र देशाची म्हणून काही वेगळी वास्तू उभी राहावी, ही त्यामागची आकांक्षा समजण्यासारखी आहे, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न नावाविषयी आहे. ‘विधान सौध’मधला ‘सौध’ म्हणजे काय?

संस्कृतात ‘सुधा’ म्हणजे अमृत हे सर्वांना ठाऊक असते. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ चुना, भिंतीला द्यायचा पांढरा लेप, असा आहे, आणि तो बहुधा कोणी शिकवत नाही. ‘सौध’ आला आहे तो या दुसऱ्या अर्थावरून. सौध म्हणजे चुन्याने लेपलेले, पांढरे सफेद घर. असे घर गरिबाला कोठून परवडणार? म्हणून सौध म्हणजे धनिकाची हवेली आणि पुढे राजाचा वाडा. अमरकोशाने हा शब्द राजगृहाच्या अर्थाने नोंदवला आहे, आणि संस्कृत काव्यांतील सौधांवर चांदणे पडते तेही नगरातील श्रीमंतांच्या गच्च्यांवर.

येथे व्युत्पत्तीवादी खूश होईल, कारण त्याला मूळ सापडले. पण पुढे काय? विधान सौध ग्रॅनाइटचा आहे. चुन्याच्या पांढऱ्या लेपाशी त्याचा काही संबंध नाही. व्युत्पत्ती म्हणजेच अर्थ, हे खरे मानायचे तर हे नाव साफ चुकीचे ठरते, आणि तसे कोणी म्हणत नाही. मराठीत तर चुना ‘लावला’ की माणूस फसतो. म्हणून विधान सौध म्हणजे लोकांना चुना लावण्याचे घर, अशी कोटीही एखादा करील. कोटी गमतीची आहे, पण ती अर्थ नव्हे. याच नियमाने ‘संसद म्हणजे वैदिक लोकशाही’ हीदेखील एक कोटीच ठरते. ती गंभीर चेहऱ्याने केली जाते, एवढाच काय तो फरक.

शब्दाचा अर्थ पाहायचा तर तो वापरात पाहावा. ‘सौध’ शब्दातून चुना केव्हाच गळून गेला. वाडा मात्र गळला नाही. निवडून आलेल्या माणसांनी एकत्र बसून कायदे करण्याच्या जागेसाठी राजवाड्याचा शब्द निवडला गेला, ही गोष्ट त्या शब्दाच्या पुढच्या वाटचालीत दिसून येते. कर्नाटकात तालुक्याच्या गावी सातबारासारखे कागद काढायला लोक ज्या सरकारी कचेरीत जात, तिला वर्षानुवर्षे ‘मिनी विधान सौध’ म्हणत असत. त्या कचेरीत विधानसभा भरत नव्हती, कायदा होत नव्हता, मतदान होत नव्हते. तेथे तहसीलदार बसत. म्हणजे ‘विधान सौध’ या जोडशब्दातील ‘विधान’ हा भाग लोकांच्या जिभेवर निरर्थक झाला आणि उरलेल्या शब्दाचा अर्थ झाला ‘सरकारचे मोठे घर’. बंगळूरच्या मूळ इमारतीच्या दर्शनी भागावर ‘सरकारचे काम हे देवाचे काम’ अशा आशयाचे वाक्य कोरलेले आहे. घर राजाचे आणि काम देवाचे! या दोहोंच्या मध्ये मतदाराने उभे कोठे राहायचे, हा प्रश्न त्या दगडावर कोरलेला नाही.

कर्नाटकाकडे बोट दाखवून आपण सुटू असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत नरिमन पॉइंटला विधान भवन आहे. १९८१ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. ‘भवन’ हा ‘सौधा’पेक्षा साधा शब्द, पण मराठी घरात राहणारा माणूस आपल्या घराला भवन म्हणत नाही. भवन संस्थेचे असते, धनिकाचे असते किंवा राज्यपालांचे असते. ‘विधान’ या शब्दाची तर मराठीत आणखीच निराळी गत झाली आहे. संस्कृतात वि आणि धा यांपासून आलेला हा शब्द योजना, विधी, नियम असे अर्थ सांगतो. मराठी वाचक मात्र ‘विधान’ म्हटले की वाक्य, म्हणणे, दावा असे समजतो. तर्कशास्त्राच्या पुस्तकातले विधान आणि वृत्तपत्रातले ‘वादग्रस्त विधान’ त्याच्या ओळखीचे असते. हिंदीतला ‘विधायक’ आपल्याकडे आमदार असतो, आणि आपल्याकडचे ‘विधायक’ म्हणजे रचनात्मक, चांगल्या कामाचे. एकाच संस्थेसाठी मल्याळम भाषेने ‘नियमसभा’ म्हटले, तेलुगूने ‘शासनसभा’ म्हटले. संस्कृतचे भांडार एकच, पण उचललेले शब्द निराळे. आणि त्या त्या भाषेत गेल्यावर त्यांच्या अर्थाच्या छटाही निराळ्या. मूळ एक म्हणून अर्थ एक, हा सिद्धान्त येथे उभादेखील राहू शकत नाही.

जगातल्या अशा नावांकडे थोडे पाहिले तर त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही शब्द कृतीवरून आले आहेत. इंग्रजी ‘पार्लमेंट’च्या मुळाशी ‘बोलणे’ या अर्थाचे फ्रेंच क्रियापद आहे. रशियन ‘दूमा’च्या मुळाशी विचार करणे आहे. इस्रायलच्या ‘क्नेसेट’चा अर्थ जमणे असा आहे. अरबी ‘मजलिस’ बसणे या धातूवरून आला, आणि आपला ‘संसद’ही ‘सम्’ आणि ‘सद्’, म्हणजे एकत्र बसणे, यावरूनच आला. दोन परस्परांहून दूरच्या भाषाकुळांत सभेला एकच कृती सुचावी, यात आम्हांस मौज वाटते आणि थोडा बोधही दिसतो.

दुसरा वर्ग जागेवरून आलेल्या शब्दांचा. त्यातला सर्वांत प्रसिद्ध शब्द ‘कॅपिटॉल’. रोममधल्या ज्या टेकडीचे हे नाव, तिच्यावर ज्युपिटरचे मोठे देऊळ होते. पाया खणताना माणसाचे मस्तक सापडले म्हणून टेकडीला ते नाव मिळाले, अशी आख्यायिका रोमन लोक सांगत. रोमची सिनेट सामान्यतः भरत असे ती खाली फोरममधल्या क्युरिया या सभागृहात. १६९९ साली व्हर्जिनिया वसाहतीने विल्यम्सबर्ग येथील आपल्या नियोजित सभागृहाला कॅपिटॉल म्हटले. पुढे वॉशिंग्टन शहराच्या आराखड्यात ‘काँग्रेसचे घर’ असे साधे नाव असताना जेफरसन यांनी ‘कॅपिटॉल’चा आग्रह धरला. म्हणजे नव्या प्रजासत्ताकाने आपल्या सभेसाठी रोमच्या सभेचे नाव घेतले नाही. रोमच्या देवळाचे घेतले.

६ जानेवारी २०२१ रोजी त्या इमारतीवर जमाव चालून गेला, तेव्हा ‘लोकशाहीचे मंदिर विटाळले’ अशी भाषा तिकडेही झाली. परंतु त्या दिवसाचा अर्थ देवळाच्या भाषेत सापडत नाही. काचा फुटल्या, दारे मोडली. तरी त्याच रात्री सभासद पुन्हा जागेवर येऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी अध्यक्षीय मतांची मोजणी पुरी केली. घर फोडले गेले, सभा मोडली नाही. याउलट इमारतीला ओरखडाही न उठता मोजणीच थांबली असती तर? देवळाची उपमा देणाऱ्याला या दोन गोष्टींतला फरक सांगायला शब्दच उरत नाही.

हा भेद परका आहे असेही नाही. पाणिनीला तो ठाऊक होता. ‘सभा’ हा शब्द शेवटी असलेल्या समासांच्या लिंगाचा नियम सांगताना त्याला शाला, म्हणजे इमारत, हा अर्थ आणि शाला नसलेला अर्थ असे वेगळे काढावे लागले. टीकाकारांनी या दुसऱ्या ठिकाणी समुदाय असा अर्थ लावला. म्हणजे ‘सभा’ शब्दात घरही होते आणि माणसेही होती, आणि व्याकरणकाराला त्या दोहोंची गल्लत करून चालणारे नव्हते. आज ती गल्लत आपण रोज करतो. विधिमंडळ म्हणायचे तेथे विधान भवन म्हणतो, संस्थेची प्रतिष्ठा म्हणायचे तेथे वास्तूचे पावित्र्य म्हणतो.

आता ‘सभा’ या शब्दाचे वाङ्मयीन चरित्र पाहू. वेदांतली सभा हा आपल्या लोकशाहीचा उगम, असे सांगणाऱ्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले जुगाऱ्याचे सूक्त जरूर वाचावे. त्यातला जुगारीही सभेतच जातो, आज आपण जिंकू का, असे स्वतःला विचारीत. अथर्ववेदात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या मुली म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याच शब्दाने फाशांचा अड्डाही दाखवला जात होता, हेही तितकेच खरे. शब्दाच्या वंशावळीतला एक पूर्वज दाखवायचा आणि दुसरा लपवायचा, हा प्रकार अभ्यासाच्या नावाखाली खपवला जाऊ नये.

आणि मग महाभारतातले सभापर्व. त्याचा आरंभ होतो तो मयासुराने इंद्रप्रस्थात बांधलेल्या अद्भुत सभेने. जमिनीच्या जागी पाणी आणि पाण्याच्या जागी जमीन दिसावी असे ते बांधकाम. मराठीत ‘मयसभा’ हा शब्द आजही फसव्या दिमाखासाठी वापरतात. द्यूतासाठी हस्तिनापुरातही धृतराष्ट्राच्या आज्ञेने हजार खांबांची सभा उभारली जाते. वास्तूत काही उणे नाही. त्या वास्तूत द्रौपदी एक प्रश्न विचारते: स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? प्रश्न शुद्ध कायद्याचा आहे. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळतात. दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण तेवढा उठून तिच्या बाजूने बोलतो, आणि कर्ण त्याला गप्प करतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणारी सभा पापाची धनी होते, हे विदुर परोपरीने सांगतो. सभेचे मोजमाप या ग्रंथाने खांबांच्या संख्येवर केले नाही; प्रश्नाला उत्तर मिळाले की नाही, यावर केले. ज्यांना परंपरेचा अभिमान बाळगायचा आहे त्यांनी या निकषाचा बाळगावा. तो सोपा नाही.

बौद्ध वाङ्मयात तर सभेच्या इमारतीला स्वतःचा शब्द आहे: संथागार. शाक्य, मल्ल, लिच्छवी यांची संथागारे पाली ग्रंथांत येतात. बुद्धाच्या परिनिर्वाणाची वार्ता घेऊन आनंद कुसिनाऱ्याला गेला, तेव्हा मल्ल संथागारातच जमलेले होते. पण ती संथागारे दिसत कशी, त्यांना घुमट होते काय, याचे कौतुक त्या ग्रंथांना नाही. वज्जींचा ऱ्हास होणार नाही असे सांगताना बुद्ध ज्या अटी घालतो त्यातली पहिलीच अशी की, ते वारंवार आणि मोठ्या संख्येने एकत्र जमत राहतील तोवर. संघाच्या कामकाजातले ‘ञत्ति’, म्हणजे ठराव मांडण्याची सूचना, आणि मतांसाठीच्या ‘सलाका’, म्हणजे काड्या, हे शब्द पद्धतीचे आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या संघाच्या नियमांचा दाखला दिला. तो देऊन ते थांबले नाहीत. ही पद्धती या देशाने एकदा गमावली आहे. ती पुन्हा गमावली जाईल काय, असे त्यांनी विचारले. आजचा व्युत्पत्तीवादी त्याच दाखल्यातून बढाई काढतो, बाबासाहेबांनी त्यातून इशारा काढला. भूतकाळ वाचण्याच्या दोन रीती कशा असतात, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगला उतारा सहसा सापडणार नाही.

मराठी कागदपत्रांचीही साक्ष काढता येते. शिवकाळात आणि पेशवाईत गावच्या तंट्याचा निवाडा झाला की महजर लिहिला जाई, आणि त्यात हजर असलेल्यांची, ‘हाजीर मजालस’ची, यादी दिली जाई. गोतसभेत पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बारा बलुतेदारही असत आणि आपापल्या कामाच्या अवजाराची निशाणी कागदावर करीत. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. निवाडा कोणत्या इमारतीत झाला यापेक्षा कोणासमोर झाला, याला त्या कागदात मोल होते. ही सभा समतेची होती असे आम्ही म्हणत नाही. तिच्यातले हक्क वतनाचे आणि जातीचे होते, आणि स्त्रियांचा आवाज तिच्यात क्वचितच उमटे. पण सभा म्हणजे हजर असलेली माणसे, एवढी गोष्ट ती भाषा विसरली नव्हती.

यावर एक आक्षेप येईल. इमारतीलाही अर्थ असतो. संस्थेला डोळ्यांना दिसेल असे रूप लागते. भव्य वास्तू पाहून नागरिकाच्या मनात आदर उत्पन्न होतो. मग शब्दांवरून एवढा वाद कशाला? आक्षेपातला पहिला भाग आम्हांस मान्य आहे. सभेला छप्पर लागते, आणि ते गळके असू नये. परंतु आदर कोणत्या जातीचा, हे शब्द ठरवतात. राजवाड्यात माणूस अर्ज घेऊन जातो. देवळात तो हात जोडून जातो, आणि पदरी काही पडले नाही तर आपल्याच नशिबाला बोल लावतो. सभेत मात्र तो प्रश्न घेऊन जातो आणि उत्तर मागतो. ‘लोकशाहीचे मंदिर’ हा शब्दप्रयोग सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांना इतका प्रिय का, याचे उत्तर येथे आहे. देवळात प्रश्नोत्तराचा तास नसतो.

संसद म्हणजे एकत्र बसणे, हा मूळ अर्थ इतका अभिमानाचा वाटत असेल तर तो गंभीरपणे घ्यावा आणि बैठकी मोजाव्यात. १९५२ ते १९५७ या काळातील पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठकी झाल्या. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४. मध्ये करोनाची साथ होती हे धरले तरी, बैठकी घटण्याची ही वाट अनेक सरकारांच्या काळात तुडवली गेली आहे. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले; त्यात लोकसभेसाठी ८८८ आसनांचे सभागृह आहे. जुन्या इमारतीला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘संविधान सदन’ असे नाव मिळाले. आसने वाढली आहेत. ‘सम्’ आणि ‘सद्’ यांचे काय झाले, ते मात्र कोणत्याही कोनशिलेवर वाचायला मिळणार नाही.

भाषेच्या आणि साहित्याच्या शिक्षकांनी या प्रकरणात गप्प बसू नये, असे आम्हांस वाटते, कारण हा समज वर्गातूनच बाहेर गेला आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी व्युत्पत्तीचे केवढे थोर काम केले! त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी स्वीकारल्या नाहीत, तरी शब्दाच्या मागे जाण्याची जिद्द त्यांनी मराठीला दिली. मागे गेलेल्याने पुन्हा पुढे यायचे असते, हे शिकवणे मात्र राहून गेले. ‘सौध’ शिकवावा, चुना सांगावा, राजवाडा सांगावा, आणि मग तालुक्याच्या कचेरीपर्यंत तो शब्द कसा पोहोचला तेही सांगावे. लिहिताना, संस्था अभिप्रेत असेल तेथे विधिमंडळ, संसद, सभागृह म्हणावे आणि ‘भवन’ हा शब्द विटा, दगड आणि लिफ्ट यांच्यापुरता ठेवावा. विद्यार्थ्याच्या निबंधात ‘लोकशाहीचे पवित्र मंदिर’ आले तर समासात लाल शाईने एवढेच विचारावे: या देवळात द्रौपदीच्या प्रश्नाला उत्तर मिळते काय?